नोकरी मागू नका म्हणणाऱ्यांनो, बाजार कोणाचा ते आधी सांगा

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य फार फिरते आहे : नोकऱ्या मागणारे होऊ नका, नोकऱ्या देणारे व्हा. रोजगार मेळाव्यातले पाहुणे ते म्हणतात, कॉलेजच्या मार्गदर्शन शिबिरातले वक्ते म्हणतात, आणि आता तर १४ एप्रिलच्या व्यासपीठावरूनही ते ऐकू येऊ लागले आहे. टाळ्याही पडतात. नालासोपारा-विरारच्या चाळीत राहणारा, बी.कॉम. होऊन तीन-चार वर्षे स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरणारा, आणि तोवर घर चालावे म्हणून वालीव-सातिवलीच्या एखाद्या गाळ्यात ठेकेदाराच्या हजेरीवर बारा तास उभा राहणारा आमचा तरुण समोर बसून हे ऐकतो. घरी जाताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट राहते : आपल्यात धमक नाही, म्हणून आपण बेकार.

उद्योगाला आमचा विरोध नाही. आपल्या पोरांनी गाळे घ्यावेत, यंत्रे टाकावीत, माल विकावा, चार जणांना कामाला लावावे, असे आम्हालाही वाटते. आमची हरकत आहे ती बेकारीचे खापर बेकाराच्याच डोक्यावर फोडण्याला. आपल्या समाजाचा इतिहास नीट वाचला तर दिसते की आपल्याकडे धंदा करण्याची धमक कधीच कमी नव्हती. धंदा जिथे बुडाला तिथे तो भांडवलावाचून, गिऱ्हाइकावाचून किंवा ठेका न मिळाल्याने बुडाला, आणि या तिन्हींच्या मुळाशी जात होती. जिथे तो टिकला तिथे मागे कोणती तरी संघटित ताकद उभी होती. हे नुसते मत नाही. त्याचे पुरावे आपल्या गावापासूनच सापडतात.

नालासोपारा पश्चिमेचा स्तूप आपण सगळे जाणतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा आतल्या दगडी पेटीत भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे मिळाले. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा भुईगावला सापडला तो १९५६ मध्ये, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. पण उत्खननाच्या आधी गावकरी त्या टेकाडाला काय म्हणत? बुरूड राजाचा कोट. टोपल्या विणणाऱ्याच्या नावाचा कोट! सोपारे हे तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते, आणि बंदर म्हणजे बाजार. या बाजाराची एक गोष्ट 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथात आली आहे, ती प्रत्येक आंबेडकरी तरुणाला माहीत असायला हवी.

गोष्ट पूर्णाची. पूर्ण हा सोपाऱ्यातल्या एका श्रीमंत व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. बाप गेल्यावर सावत्र भावांनी वाटणी केली, तेव्हा दासीचा मुलगा म्हणून त्याला हिस्सा दिला नाही. जळाऊ लाकडाच्या एका मोळीत त्याने गोशीर्ष चंदन ओळखले आणि त्यावर पुन्हा उभा राहिला. पुढे बंदरात परदेशी माल आला. सोपाऱ्याच्या व्यापारी श्रेणीने आधीच आपसात ठरवून टाकले होते की असा माल कोणी एकट्याने घ्यायचा नाही, सगळ्या श्रेणीने मिळून घ्यायचा. पूर्णाने विसार देऊन तो सगळा माल एकट्याने उचलला. श्रेणीने त्याला पकडून दंड मागितला आणि उन्हात उभे केले. प्रकरण राजापर्यंत गेले. राजासमोर पूर्णाने एवढेच विचारायला लावले की हा नियम करताना मला किंवा माझ्या भावाला बोलावले होते का? बोलावले नव्हते. राजाने त्याला सोडून दिले. हाच पूर्ण पुढे बुद्धाचा शिष्य झाला.

ही अवदानकथा आहे, सरकारी दप्तर नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी कथा सांगणाऱ्यांना बाजाराची रीत पक्की माहीत होती असे दिसते. हुशारी असूनही माणूस कुठे अडतो? माल ओळखण्यात पूर्ण कमी पडला नाही. ज्या नियमाने त्याला उन्हात उभे केले तो नियम त्याला वगळून झाला होता.

श्रेणी म्हणजे व्यवसायाचा संघ. ती माणसाला बाहेर ठेवू शकते तशी आधारही देऊ शकते, आणि त्याचा पुरावा तर दगडात कोरलेला आहे. नाशिकच्या लेण्यांमध्ये उषवदाताचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली, ती गोवर्धन गावातल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे २,००० कार्षापण महिना शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० महिना शेकडा पाऊण व्याजाने. आजच्या भाषेत सांगायचे तर विणकरांची पतसंस्था होती, आणि क्षत्रपाचा जावई तिच्यात ठेवी ठेवत होता. नाशिकच्याच दुसऱ्या एका लेखात कुंभार, तेली आणि पाणीयंत्र करणाऱ्यांच्या श्रेणी आहेत. जुन्नरला वेळूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची आहे. वेळूकाम करणारे म्हणजे आजचे बुरूड! कान्हेरीच्या दानलेखांत सोपाऱ्याचा मणिकार भेटतो. आज नालासोपाऱ्यात घरोघरी आमच्या आया-बहिणी इमिटेशन दागिन्यांचे मणी ओवतात, नगावर मजुरी घेतात. तो मणिकार लेण्याला दान देऊ शकत होता. आमच्या बहिणीला मात्र मालाचा मालक कोण तेही ठाऊक नसते, कारण तिच्यापर्यंत फक्त मधला माणूस पोचतो.

तो सुवर्णकाळ होता असे आम्ही म्हणत नाही. पूर्णाची आई दासीच होती. मुद्दा एवढाच की हाताने काम करणाऱ्यांकडे त्या काळी स्वतःची पत होती, आणि ती एकट्यादुकट्याची नसून संघाची होती.

ती पत पुढे कशी गेली याचा इतिहास लांब आहे. आपण शेवटच्या टप्प्यावर येऊ. महार वतनाने माणसाला चोवीस तासांचा सरकारी आणि गावकीचा चाकर करून ठेवले. मोबदला काय, तर तुकडाभर इनाम जमीन आणि दारोदारचे बलुते. ज्याचा वेळच स्वतःचा नाही तो धंदा काय करणार? बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याचसाठी. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. वतन सोडून बाजारात उतरले तरी दूध, तूप, शिजवलेले अन्न, जे जे तोंडात जाते ते अस्पृश्याच्या हातचे कोणी घेत नव्हते. म्हणजे कमी भांडवलात सुरू होणारे बहुतेक सगळे धंदे बंद. मुंबईच्या गिरण्यांतही तेच. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण विणकर आमच्या माणसाला त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कामगार एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्यांना तो तेव्हाही अडचणीचा वाटला होता.

ठेक्याचे महत्त्व आपल्या पूर्वसुरींमध्ये सर्वांत आधी कोणी ओळखले असेल तर महात्मा जोतीराव फुल्यांनी. जोतीराव कंत्राटदार होते, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगत नाही, जणू ते लपवण्यासारखे आहे. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते भागीदार होते. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण अशा कामांशी त्यांचा संबंध आला. इंजिनीअर खात्यातले भट कारकून खालच्या कंत्राटदाराला आणि मजुराला कसे लुबाडतात हे त्यांनी लिहिले ते या धंद्यातल्या अनुभवावरून. सत्यशोधक समाजाच्या मागे मुंबईतले तेलुगू भाषक बांधकाम कंत्राटदार पैशाने उभे राहिले होते, हेही विसरू नये. चळवळीला स्वतःचा पैसा लागतो, आणि तो शेटजींच्या वर्गणीतून येत नाही.

आता कोल्हापूर. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितले आणि त्यासाठी मदत केली. गंगारामांनी चहाचे हॉटेल काढले, सत्यसुधारक नावाचे. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराज आपला खडखडा घेऊन तिथे थांबू लागले. चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजायचा. छत्रपतींनी प्यायलेल्या चहाला नाही कोण म्हणणार!

ही गोष्ट आपण महाराजांच्या मोठेपणाची म्हणून सांगतो, आणि तो मोठेपणा आहेच. पण अर्थशास्त्राच्या अंगाने पाहा. गंगारामांकडे कष्ट होते, कौशल्य होते, भांडवलही मिळाले होते, तरी हॉटेल चालत नव्हते. ते चालले राज्यकर्ता स्वतः गिऱ्हाईक झाला तेव्हा. आजचे सरकार कर्ज मंजूर केल्याचे फोटो काढते आणि घरी जाते. शाहू महाराज कर्ज देऊन थांबले नाहीत, माल घ्यायलाही गेले. सरकारी खरेदीत वाटा मागणे म्हणजे दुसरे काय मागणे?

गंगारामांना निदान असा राजा भेटला. बाबासाहेबांना तोही भेटला नाही. १९१७ मध्ये कोलंबियाची पदवी घेऊन ते बडोद्यात नोकरीवर गेले, तिथे राहायला जागा मिळाली नाही, शेवटी परत मुंबईत आले. घरात पैसा नाही. या काळात त्यांनी शिकवण्या केल्या आणि शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक संस्था सुरू केली, तिचे नाव स्टॉक्स अँड शेअर्स अ‍ॅडव्हायझर्स. थोडा विचार करा, त्या वेळच्या मुंबईत कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेले, सार्वजनिक वित्तावर प्रबंध लिहिलेले किती सल्लागार असतील? सुरुवातीला काम येऊ लागले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक यायचे थांबले. संस्था बंद पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, म्हणजे नोकरीत गेले, आणि तिथेही पाण्याच्या माठावरून कुरबुर झालीच.

"नोकरी देणारे व्हा" म्हणणाऱ्या प्रत्येक वक्त्याला हा प्रसंग विचारला पाहिजे. बाबासाहेबांना धंदा जमला नाही असे त्यांना म्हणायचे आहे का? कल्पना होती, ज्ञान होते, मेहनत होती. आजची पुस्तके यशस्वी उद्योजकाची जी लक्षणे सांगतात त्यातले काय कमी होते?

त्याच १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातल्या शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. तुकडे जोडल्याने प्रश्न सुटणार नाही, शेतीवर रिकामे हात जास्त आहेत, त्यांना उद्योगात काम मिळाले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये ते आणखी पुढे गेले. जात माणसाला धंदा बदलू देत नाही, एका धंद्यात मंदी आली तरी त्याने दुसऱ्यात जायचे नाही, म्हणून देशातल्या बेकारीचे थेट कारणच जात आहे, असा तो युक्तिवाद आहे. आपण ते पुस्तक धर्मचिकित्सा म्हणून वाचतो, बेकारीवरचे पुस्तक म्हणून वाचत नाही. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारी मांडल्या, त्यात सरकारी बांधकामांच्या ठेक्यांत अस्पृश्यांना स्थान नाही ही तक्रार नोकऱ्यांच्या मागणीसोबतच आहे. नोकरी की उद्योग, असा पर्याय बाबासाहेबांनी समाजापुढे कधी ठेवलाच नाही. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे त्यांनी मांडले, कारण बेकार माणसाला नोकरीच्या बदल्यात हक्क सोडायला सांगितले तर तो सोडणार, हे त्यांना दिसत होते. खाजगी मालकाच्या हाती माणूस किती हतबल असतो हे पाहायचे असेल तर आज घरपोच जेवण पोचवणाऱ्या पोराकडे पाहा. कंपनी त्याला "पार्टनर" म्हणते. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, अपघात त्याचा, दर मात्र कंपनीचा. हाही म्हणे उद्योजक!

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यात. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह केले. जमीन म्हणजे फक्त पीक नव्हे, जमीन म्हणजे बँकेपुढे ठेवायचे तारण. ती मिळाली नाही. १९७८ मध्ये महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. त्याची बीजभांडवल योजना पाहा : ५ टक्के अर्जदाराचे, २० टक्के महामंडळाचे आणि ७५ टक्के बँकेचे. योजनेचे नाव महात्मा फुल्यांच्या महामंडळाचे, पण तीन-चतुर्थांश किल्ली बँकेच्या शाखाधिकाऱ्याच्या खिशात. महामंडळाने मंजूर केलेली प्रकरणे बँकेत पडून राहतात, जामीनदार मागितले जातात, हे गावोगावचे कार्यकर्ते सांगतात. आमच्याकडे येणाऱ्या तरुणांचाही तोच अनुभव आहे. व्यापारी जातीतल्या मुलाचे पहिले भांडवल बँकेतून येत नाही, ते मामाच्या पेढीवरून आणि ओळखीच्या उधारीतून येते. आमच्या मुलाचा मामा नाक्यावर उभा असतो.

जानेवारी २००२ च्या भोपाळ परिषदेत सरकारी खरेदीत वाटा हा विषय पुन्हा ठामपणे पुढे आला. २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, उभी केली. कल्पना सरोज यांनी बुडीत कमानी ट्यूब्स सावरली. २०१३ मध्ये दोघांनाही पद्मश्री मिळाली. गोपाळ गुरू, आनंद तेलतुंबडे यांनी या "दलित भांडवलशाही"वर कडक टीका केली : चार कोट्यधीश दाखवून चार कोटींचे दारिद्र्य झाकू नका. आम्हाला ती टीका बहुतांशी पटते, तरी तिच्यातला एक सूर पटत नाही. आपल्या माणसाने कारखाना काढला की त्याच्याकडे संशयाने पाहायचे, हा सोवळेपणा कशाला? डिक्कीच्या दबावाने निदान एक कायमचा दस्तऐवज झाला. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणात एकूण खरेदीच्या ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी असे लिहिले आहे. प्रत्यक्ष खरेदी त्यापासून फार दूर आहे. २००५ च्या आर्थिक गणनेनुसार देशातल्या उद्योगांपैकी ९.८ टक्के अनुसूचित जातींच्या मालकीचे होते, लोकसंख्येत वाटा १६.४ टक्के असताना. त्यातही बहुतेक एकट्याने चालवायची दुकाने-टपऱ्या.

चामड्याचे उदाहरण अगदी ताजे आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला चालवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर घेतले. हजारो वर्षे कातडे आमच्या हातात होते, बाजार कधीच नव्हता.

म्हणून वसई-विरारच्या तरुणांशी आम्ही बोलतो तेव्हा प्रेरणादायी भाषण करत नाही. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत १२ लाखांच्या वर लोक मोजले गेले, आज किती तरी जास्त आहेत. या शहराला रोज झाडू लागतो, पाणी लागते, गटारे, रस्ते, दिवे, गणवेश, छपाई लागते, आणि हे सगळे कोणी तरी विकते. राज्यभर महापालिकांची सफाई ठेक्यावर गेली तेव्हा काय झाले? कायम पदे गेली, त्याबरोबर आरक्षण गेले, झाडू आमच्याच हातात राहिला आणि ठेका दुसऱ्याच्या हातात गेला. म्हणून पहिली मागणी नोकरीचीच, कायम आणि आरक्षित नोकरीची. २०२३ मध्ये राज्य सरकारने शासकीय पदे बाहेरच्या एजन्सीमार्फत भरण्याचा निर्णय काढला होता. तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. ही लढाई सोडून कोणी "उद्योजक व्हा" म्हणत असेल तर ती पळवाट आहे.

पण जिथे ठेका दिलाच जातो तिथे तो कोणाला, हे विचारायचे. कर्नाटकात ५० लाखांपर्यंतच्या सरकारी बांधकामांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के कामे राखीव करणारा कायदा २०१७ मध्ये लागू झाला, २०२३ मध्ये मर्यादा १ कोटीपर्यंत वाढली. महाराष्ट्रात लहान बांधकामे मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना वाटून देण्याची पद्धत जुनीच आहे, म्हणजे वाटणीचे तत्त्व इथे परके नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्याने ते जातीच्या आधाराने का स्वीकारू नये? आणि पालघर जिल्ह्यात तर केंद्राचा पैसा ओतला जातो आहे. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आहे, पश्चिम रेल्वे आहे, बुलेट ट्रेनचे काम आहे, वाढवण बंदर आहे. (बंदराला विरोध करणाऱ्या मच्छीमारांच्या बाजूने आम्ही आहोत. त्यांची दर्यावरची रोजी बुडवून आम्हाला ठेका नको.) या सगळ्या केंद्रीय यंत्रणांना ते ४ टक्क्यांचे धोरण लागू होते.

दुसरे काम आपले आपण करायचे. मागासवर्गीय औद्योगिक सहकारी संस्थांची योजना आली तेव्हा कितीतरी संस्था कागदावरच राहिल्या. सभासदांना आपण सभासद आहोत हेच माहीत नव्हते, आणि हे करणारे पुढारी परके नव्हते. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करून दोन धंद्यात घालायला सांगितले आहेत, एक अडचणीसाठी राखायला. दीघजाणूला उपदेश करताना बुद्धाने उद्योगीपणासोबत कल्याणमित्रताही सांगितली. विहारात दर रविवारी वंदना होते, त्यानंतर वीस घरांचा बचत गट का बसू नये? मणी ओवणाऱ्या दहा बहिणींनी मिळून कच्चा माल घेतला तर मधला माणूस उरत नाही. हिशेब मात्र विहाराच्या भिंतीवर लावायचा, महिन्याच्या महिन्याला.

आणि एक अर्ज लिहायचा, माहिती अधिकाराचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवस. महापालिकेला विचारायचे : गेल्या तीन वर्षांत सफाई, उद्यान, पाणीपुरवठा, गटार आणि छपाई या कामांचे ठेके कोणाकोणाला दिले, किती रकमेचे, किती मुदतीचे, आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या संस्था किती. तारापूर अणुऊर्जा केंद्राला आणि पश्चिम रेल्वेला वेगळे अर्ज, ४ टक्क्यांपैकी प्रत्यक्ष किती खरेदी झाली ते वर्षवार विचारायचे. उत्तर आले नाही तर पहिले अपील तीस दिवसांच्या आत. ज्यांना अर्जाचा मसुदा करायला मदत हवी त्यांनी रविवारी वंदनेनंतर थांबावे, येताना कोरे कागद आणावेत.